नख : समुद्रातील एक झाकण आणि आपली औषधनिर्मिती

निसर्गाने जेथे जेथे द्वार ठेवले आहे, तेथे तेथे ते मिटण्याची काही ना काही सोयही केलेली आढळते. डोळ्यास पापणी आहे, श्वासनलिकेच्या मुखाशी झडप आहे, बीजास टरफल आहे, कळीस टोपी आहे आणि समुद्रातील गोगलगायीच्या कवचाच्या तोंडास घट्ट बसणारे दार आहे. अशा झाकणास संस्कृतात पिधान हा सुंदर शब्द आहे. वैद्याचा आणि औषधनिर्मात्याचा या पिधानांशी नित्य संबंध येतो. परंतु त्यांचा एकत्र विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात आम्ही शरीर आणि वनस्पती यांतील काही पिधानांचा धावता परामर्श घेऊन मुख्यतः एका प्राणिज पिधानाचा, म्हणजे नख या द्रव्याचा, विस्ताराने विचार करणार आहोत. कारण या द्रव्याच्या ओळखीविषयी आपल्या व्यवसायात जो गोंधळ आहे, तो केवळ शब्दांचा नसून रुग्णाच्या हाती पडणाऱ्या औषधाचा आहे.

प्रथम शरीरातील पिधाने पाहू. सुश्रुताचार्यांनी नेत्राची जी पाच मंडले सांगितली आहेत, त्यांत पक्ष्म आणि वर्त्म ही दोन मंडले बाहेरून आवरण करणारी आहेत. वर्त्मगत रोगांची संख्या त्यांनी एकवीस दिली आहे. म्हणजे ज्या झाकणाकडे सामान्य मनुष्य लक्षही देत नाही, त्याचे विकार शास्त्राने स्वतंत्र गणले. पापणी ही केवळ पडदा नव्हे. ती प्रत्येक मिटण्याबरोबर अश्रूंचा पातळ थर कृष्णमंडलावर पसरविते आणि ते ओले ठेवते. अर्दिताच्या रुग्णात हे कार्य बंद पडते. आपण अशा रुग्णात नस्य, अभ्यंग, स्वेदन यांची योजना तत्परतेने करतो. परंतु रात्रंदिवस अर्धवट उघडा राहणारा डोळा पुष्कळदा दुर्लक्षित राहतो. तो कोरडा पडून कृष्णमंडलावर व्रण झाला, तर मुखाची वक्रता सुधारूनही दृष्टीची हानी राहते. म्हणून अर्दितात पहिल्या दिवसापासून डोळ्यास ओलावा आणि झोपेच्या वेळी आच्छादन देणे, आणि डोळा लाल होऊन दुखू लागल्यास नेत्रतज्ज्ञाकडे विनाविलंब पाठविणे, हे चिकित्सेचेच अंग मानले पाहिजे. चरकाचार्यांनी स्वेदनाच्या वेळी डोळे स्वच्छ वस्त्राने, गव्हाच्या पिठाच्या गोळ्याने वा कमळाच्या पानांनी झाकावेत असे सांगितले आहे. नैसर्गिक पिधान पुरेसे नसेल तेथे वैद्याने दुसरे द्यावे, ही दृष्टी त्या विधानात स्पष्ट आहे.

दुसरे पिधान कंठातील. गिळण्याच्या क्षणी स्वरयंत्र वर उचलले जाते आणि एपिग्लॉटिस ही पानाच्या आकाराची कूर्चामय झडप त्यावर कलते. अन्न मागून अन्ननलिकेत उतरते. पक्षाघाताच्या रुग्णात ही जुळणी बिघडलेली असू शकते. पाणी पिताना ठसका लागतो, आवाज ओला होतो, ही त्याची लक्षणे होत. अशा रुग्णास आसवारिष्टे वा पातळ काढे घाईने पाजणे धोक्याचे आहे. द्रव फुप्फुसात उतरून ज्वर आणि श्वास उत्पन्न होतो. औषध कोणते द्यावे याइतकेच ते गिळले जाते की नाही, हे पाहणे महत्त्वाचे.

आता वनस्पतींकडे वळू. औषधनिर्मात्यांच्या कोठीत रोज हाताळल्या जाणाऱ्या कित्येक द्रव्यांत पिधान आहे. इसबगोलाचे लहानसे बोंड पक्व झाले की मध्यावर आडवी चीर पडून त्याचा वरचा अर्धा भाग टोपीसारखा निघून येतो आणि बी मोकळे होते. म्हणूनच कापणीच्या सुमारास अवकाळी पाऊस पडला तर शेतकऱ्याचे पीक हातचे जाते. टोप्या सुटून बी गळते, आणि जे उरते त्याचा बुळबुळीतपणा भिजून वाया जातो. खुरासनी ओव्याचे फळही असेच झाकणाच्या डबीसारखे असते. घोळ, माठ आणि राजगिरा यांची बीजेही अशाच टोपीखाली पिकतात. इसबगोलाची भुशी म्हणजे बीजावरचे आवरण. पाण्याचा स्पर्श होताच ते कित्येक पटींनी फुगते. हाच त्याचा गुण आणि हाच त्याचा धोका. पुरेशा पाण्याविना घेतलेली भुशी कंठात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकते. ज्यास गिळण्याचा त्रास आहे, त्यास ती देऊ नये. विक्रेत्याने पुडी हाती देताना एवढे एक वाक्य सांगितले तरी पुरे.

लवंगेचे उदाहरण व्यापाराच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. लवंग ही न उमललेली कळी. तिच्या माथ्यावरचा गोल मणी म्हणजे एकमेकींवर घट्ट बसलेल्या चार पाकळ्यांची टोपी होय. कळी उमलली की ही टोपी गळते आणि लवंगेची प्रत उतरते. म्हणून माथा शाबूत असलेली, नखाने देठ दाबताच तेल सुटणारी लवंग घ्यावी. तेल काढून घेतलेली लवंग काळपट व सुरकुतलेली असते आणि पाण्यावर आडवी तरंगते. चांगली लवंग बुडते किंवा माथा वर करून उभी राहते. ही परीक्षा सर्वांस ठाऊक आहे, तरीही मोठ्या खरेदीत ती किती जण करतात, हा प्रश्न आम्ही वाचकांवरच सोपवितो.

येथवर पाहिलेली पिधाने ज्याच्या देहावर असतात त्याचे रक्षण करण्यापुरतीच असतात. नख हे मात्र असे पिधान आहे की, जे प्राण्यापासून सुटल्यावर स्वतःच औषधद्रव्य होते.

शंख, शिंपला आणि गोगलगाय हे सर्व मृदुकाय प्राणी. त्यांतील समुद्री गोगलगायींच्या पुष्कळ जातींत पायाच्या मागील भागावर वरच्या बाजूस एक चकती चिकटलेली असते. प्राणी चालत असतो तेव्हा ही चकती पाठीवर घेतलेल्या ढालीप्रमाणे दिसते. संकट येताच प्राणी प्रथम डोके आणि मग पाय कवचात ओढून घेतो. पायाचा हा भाग सर्वांत शेवटी आत जात असल्याने चकती नेमकी कवचाच्या तोंडाशी येऊन बसते आणि दार बंद होते. खेकड्याची नांगी, ताऱ्यामाशाचे बाहू, ओहोटीच्या वेळचे ऊन आणि पावसाळ्यात खाडीत मिसळणारे गोडे पाणी, या सर्वांपासून हे दार प्राण्यास वाचविते. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी दगडांना चिकटलेल्या लहान काळ्या गोगलगायी दार लावून कवचात थोडे पाणी धरून ठेवतात आणि भरतीची वाट पाहतात. भातखाचरातील मोठी गोगलगायही उन्हाळ्यात चिखलात शिरून अशाच दाराआड महिनोन्महिने पडून राहते.

हे दार सर्वांस नसते. कवडीस ते नाही. तिच्या कवचाचे तोंड इतके अरुंद आणि दातेरी असते की निराळ्या झाकणाची गरज पडत नाही. बागेतील जमिनीवरच्या गोगलगायींपैकी बहुतेकींनाही ते नसते. त्या उन्हाळ्यात आपल्याच लाळेचा पडदा तोंडावर वाळवून तात्पुरते झाकण करतात व पाऊस पडताच मोडून टाकतात. ज्यांना कायमचे दार असते त्यांचेही दोन प्रकार आहेत. काहींत ते चुन्याचे, जाड, पांढरे, एका बाजूस घुमटाकार असते. काहींत ते शिंगासारख्या प्रथिनमय द्रव्याचे, तपकिरी, चिवट आणि थोडे लवचिक असते. औषधी आणि सुगंधी व्यवहारातील नख म्हणजे हे दुसऱ्या प्रकारचे, शृंगमय पिधान. हा भेद पक्का ध्यानात ठेवावा. शंख, शुक्ती, कपर्दिका, प्रवाळ ही चुन्याची द्रव्ये असल्याने त्यांचे भस्म होते. नखाचे प्रयोजन सुगंधासाठी आणि तैलपाकासाठी आहे. ते जाळले तर केसाप्रमाणे जळते व हाती फारसे काही उरत नाही.

प्राणी वाढतो तसे कवचाचे तोंड रुंदावते. म्हणून दारासही वाढावे लागते. ते कडेने थर चढवीत वाढते. या वाढीच्या रेषा त्यावर स्पष्ट उमटतात आणि त्या एका बिंदूपासून निघून धनुष्याकृती किंवा वलयाकृती पसरतात. आतील बाजूस, जेथे स्नायू चिकटलेला होता, तेथे एक गुळगुळीत वा किंचित उंचवट्याची खूण राहते. हे सर्व सांगण्याचे कारण पुढे परीक्षेच्या प्रसंगी स्पष्ट होईल.

आता शास्त्राधार पाहू. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अडतिसाव्या अध्यायात एलादि गण आला आहे. त्यात व्याघ्रनख आणि शुक्ती अशी दोन द्रव्ये लागोपाठ आहेत. अष्टांगहृदयातील एलादि गणातही ही जोडी आहे. येथे शुक्ती म्हणजे भस्मासाठी घेतो ती मोत्याची शिंप नव्हे. गंधद्रव्यांच्या पंक्तीत आलेली ही शुक्ती म्हणजे नखाचाच एक भेद, असे टीकापरंपरा सांगते. या गणाचे कार्य वात आणि कफ यांचे शमन, विष, कंडू, पिडका, कोठ यांचा नाश आणि वर्णाचे प्रसादन असे आहे. केरळात याच गणापासून केलेले एलादी तेल त्वचेच्या विकारांत आजही सर्रास वापरले जाते.

भावप्रकाशाच्या कर्पूरादि वर्गात नख आणि लहान आकाराची नखी असे दोन भेद सांगून दोहोंस लघु, उष्ण आणि वर्ण्य म्हटले आहे. ग्रहबाधा, श्लेष्मा, वातरक्त, ज्वर, कुष्ठ, व्रण, विष आणि मुखदौर्गंध्य यांवर ते उपयुक्त मानले आहे. तेथे नखीचे एक नाव हट्टविलासिनी असे आहे. बाजारात मिरवणारी! औषधविक्रेत्यांना हे नाव खचित आवडेल. मात्र या वर्गातील बहुतेक द्रव्ये वनस्पतिज असल्याने, कस्तुरीसारखे एखादे द्रव्य सोडले तर, वाचकाचे मन सर्वांस वनस्पतीच समजते. नखाविषयीच्या गैरसमजाचे मूळ बहुधा येथेच आहे.

निघंटुपरंपरेत नखाचे पाच प्रकार आकारावरून दिले आहेत: बोरीच्या पानासारखे, कमळाच्या पानासारखे, घोड्याच्या खुरासारखे, हत्तीच्या कानासारखे आणि डुकराच्या कानासारखे. वनस्पतीचे अंग समजून हे वर्णन वाचले तर ते विचित्र वाटते. परंतु निरनिराळ्या जातींच्या गोगलगायींची पिधाने एका ताटात मांडून पाहिली, तर निघंटुकारांच्या निरीक्षणाचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. काही पिधाने लांबट गोल व मध्ये शिरेसारखी रेघ असलेली. काही रुंद आणि एका बाजूस खाच असलेली, थेट खुराप्रमाणे. काही कानाच्या पाळीप्रमाणे वळलेली. आपल्या पूजेतील शंखाच्या प्राण्याचे पिधान जाड आणि पंजाच्या नखासारखे असते. आणखी एका कुलातील गोगलगायींचे पिधान अरुंद, अणकुचीदार, कडेस करवतीसारखे दाते असलेले असते. तो प्राणी त्याचा उपयोग दार म्हणून न करता वाळूत रोवून उडी मारण्यासाठी करतो. व्याघ्रनख हे नाव अशा वाकड्या, टोकदार पिधानास दिलेले असावे, असा आमचा तर्क आहे. तो तर्कच आहे, ग्रंथवचन नव्हे.

या द्रव्यास नख म्हणणारे आपण एकटेच नाही. ग्रीक भाषेत त्यास ओनिक्स म्हणजे नखच म्हणत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील डायोस्कोरिडीस या वैद्याने आपल्या द्रव्यगुणग्रंथात ते एका शिंपल्याचे झाकण असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. हिंदुस्थानात जटामांसी उगवणाऱ्या तलावांत ते मिळते आणि तो प्राणी जटामांसी खात असल्यामुळे त्यास सुगंध येतो, असेही तो म्हणतो. हिमालयातील वनस्पती आणि समुद्रातील गोगलगाय यांची ही गाठ अर्थातच व्यापाऱ्यांच्या गोष्टीतून पडली असणार. दोन्ही माल एकाच गलबतातून जात असतील एवढेच खरे. अरबी वैद्यकात त्यास अज़फ़ारुत्तीब, म्हणजे सुगंधाची नखे, असे नाव आहे. ज्यू लोकांच्या प्राचीन धूपात शेहेलेथ नावाचे द्रव्य येते. ते हेच काय, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पण पुष्कळांनी ते हेच मानले आहे. संस्कृत, ग्रीक आणि अरबी या तीन भाषांनी एकाच वस्तूस एकच नाव द्यावे, यावरून त्या वस्तूच्या रूपाविषयी संशयास जागा उरत नाही.

आणि तरीही आज मागणी नोंदविताना व्याघ्रनख लिहिले तर काय हाती येते? महाराष्ट्रात वाघनखी या नावाने ओळखली जाणारी विंचू नावाची एक वनस्पती आहे. शास्त्रीय नाव मार्टिनिया ॲन्युआ. तिचे वाळलेले फळ काळे, कठीण आणि टोकाशी दोन वाकड्या काट्यांचे असते. ते दिसते मात्र हुबेहूब वाघाच्या नखांसारखे. ही वनस्पती मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील. अमेरिका खंडाशी दळणवळण सुरू झाल्यानंतरच ती आपल्याकडे आली, हे उघड आहे. म्हणजे सुश्रुताच्या किंवा वाग्भटाच्या व्याघ्रनखाशी तिचा काही संबंध असू शकत नाही. नामसादृश्याने घडलेली ही केवळ गफलत आहे. दुसरी वनस्पती वाघाटी. आषाढात द्वादशीच्या उपवास सोडताना जिच्या फळांची भाजी करतात तीच. तिलाही काही ग्रंथांत व्याघ्रनखी म्हटले आहे, कारण तिचे काटे आकड्यासारखे वाकडे असतात. वाघाटी हे स्वतंत्र गुणाचे द्रव्य आहे. पण सुगंधी गणात तिचे काम काय? तिला गंधच नाही. नखाच्या जागी तिची योजना करणे हे प्रतिनिधिद्रव्य देणे नव्हे. प्रतिनिधी गुणसाम्यावर ठरतो, नामसाम्यावर नाही.

सुदैवाने खरे नख ओळखणे अवघड नाही, आणि त्यासाठी प्रयोगशाळाही लागत नाही. प्रथम ते उजेडात धरून पाहावे. वाढीच्या रेषा आणि आतील बाजूची स्नायूची खूण दिसली तर ते पिधान होय. वनस्पतीच्या फळात वा काट्यात या दोन गोष्टी असू शकत नाहीत. नंतर एक तुकडा चिमट्यात धरून ज्योतीवर न्यावा. शृंगमय पिधान तडतडते, फुगते आणि केस जळाल्याचा वास येतो. विंचवाचे फळ लाकडासारखे जळते व तसाच वास देते. तिसरी परीक्षा आंबट द्रव्याची. कडक लिंबूरसात वा सिरक्यात टाकल्यावर बुडबुडे आले तर ते चुन्याचे पिधान आहे, नख नव्हे. बाजारात मांजराचा डोळा म्हणून विकली जाणारी पांढरी हिरवट घुमटाकार चकती ही या जातीची. शेवटी काही तुकडे रात्रभर पाण्यात ठेवावेत. खरे नख मऊ पडून वाकते. या चारही परीक्षांस मिळून एक दिवस लागतो. मालाच्या प्रत्येक खेपेस त्या करून नोंदवहीत टिपून ठेवाव्यात, असा आमचा आग्रह आहे.

कच्च्या नखास समुद्राचा आणि कुजलेल्या मांसाचा वास असतो. सुगंधी द्रव्य म्हणून त्याची ख्याती ऐकून जो प्रथमच पोते उघडतो त्याची निराशा होते. त्याचा गुण शोधनानंतर प्रकट होतो. चक्रदत्तात गंधद्रव्यांच्या शोधनप्रसंगी याची रीत आहे: नख शेणाच्या पाण्यात किंवा चिंचेच्या पाण्यात उकळावे, ते न मिळाल्यास मातीच्या पाण्यात उकळावे, मग धुऊन, भाजून, गूळ आणि हिरडा यांच्या पाण्यात विझवावे. यातील प्रत्येक पायरीस कारण आहे असे आम्हांस वाटते. उकळल्याने चिकटलेले मांस सुटते आणि चरबी निघते. चिंचेच्या आंबटपणाने वर जमलेला चुन्याचा पातळ थर विरघळतो. भाजल्याने दुर्गंधी उडून जाते आणि चिवट द्रव्य ठिसूळ होऊन कुटण्याजोगे होते. ज्यूंच्या परंपरेतही त्यांचे शेहेलेथ आधी क्षारोदकाने घासावे आणि मग मद्यात भिजवावे असे सांगितले आहे. दूरदूरच्या दोन परंपरांनी या द्रव्यास धुतल्यावाचून घेऊ नये असे म्हटले, हे लक्षणीय आहे.

भाजताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. आच मंद ठेवावी आणि तुकडे सारखे परतावेत. बाहेरून करपले आणि आतून कच्चे राहिले तर तेलात करपट वास उतरतो. भाजण्याची जागा इतर सुगंधी द्रव्यांच्या कोठीपासून दूर असावी. शोधित नख एकटे हुंगले तर त्याचा फारसा सुवास येत नाही. चंदन, अगरू, गुग्गुळ, जटामांसी यांच्या सहवासात मात्र ते त्यांचा गंध धरून ठेवते आणि त्यास कस्तुरीसारखी खोली देते. उदबत्तीचा व्यवसाय करणारे ते याच कारणासाठी घेतात. अशोधित माल साठवायचा झाल्यास त्यावरील मांसाचे अवशेष आधी खरवडून काढावेत. नाहीतर त्यास कीड लागते आणि ती शेजारच्या पोत्यांतही शिरते.

यापुढचा भाग औषधनिर्मात्यांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा. आपल्याकडे या मालाचा मोठा स्रोत म्हणजे तामिळनाडूचा किनारा. मन्नारच्या आखातालगत, तुतीकोरिन आणि रामेश्वरम् परिसरात शंख व तत्सम प्राणी पकडण्याचा व्यवसाय जुना आहे, आणि कवच व मांस यांच्याबरोबर पिधानेही विकली जातात. म्हणजे नख हे पुष्कळ अंशी जोडउत्पादन आहे. पण सर्वच जाती पकडण्यास मोकळ्या नाहीत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ याच्या अनुसूचींत २००१ साली काही समुद्री शंख-शिंपल्यांच्या जाती घालण्यात आल्या. पुढे २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची मांडणीच बदलली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. जुनी यादी भिंतीवर लावून तीवर विसंबणे त्यामुळे योग्य नाही. पुरवठादाराकडून प्राण्याची जात आणि माल कोठून आला हे लेखी घ्यावे. तो सांगू शकत नसेल तर माल घेऊ नये.

दुसरा प्रश्न लेबलाचा. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि त्याखालील १९४५ चे नियम यांनुसार आयुर्वेदिक औषधाच्या लेबलावर घटकद्रव्यांची खरी यादी द्यावी लागते. शास्त्रोक्त म्हणून विकले जाणारे औषध मान्य ग्रंथांतील पाठानुसारच केलेले असले पाहिजे. एका द्रव्याच्या जागी दुसरे घालून पहिल्याचेच नाव छापणे हे त्या कायद्याच्या ३३-ईईए कलमात येते. तेथे अशा औषधास बनावट म्हटले आहे. तेव्हा पाठात व्याघ्रनख, पोत्यात विंचवाचे फळ आणि लेबलावर पुन्हा व्याघ्रनख, हा प्रकार निष्काळजीपणाने घडला तरी गुन्हाच ठरू शकतो. बाजारात तसेच मिळते, ही सबब निरीक्षकापुढे टिकणार नाही.

तिसरा प्रश्न आम्हांस सर्वांत नाजूक वाटतो. आपल्या रुग्णांत जैन आहेत, वारकरी आहेत, व्रतस्थ शाकाहारी आहेत. आयुर्वेदिक तेल म्हणजे झाडपाल्याचे तेल, अशी त्यांची श्रद्धा असते. दिवाळीच्या उटण्यात नखला घालण्याची चाल जुनी आहे, आणि अभ्यंगस्नानास बसलेल्या घरातील कोणासही तो गोगलगायीचे अंग असल्याची कल्पना नसते. यावर काही व्यावसायिकांचे म्हणणे असे की बाह्योपयोगी द्रव्यात हे सांगण्याची आवश्यकता नाही, आणि संस्कृत नाव छापले म्हणजे कर्तव्य संपले. आम्हांस हे मान्य नाही. जे नाव वाचून वैद्यासही अर्थबोध होत नाही, ते छापल्याने रुग्णास काय कळणार? नख या नावापुढे ‘समुद्री गोगलगायीचे पिधान, प्राणिज’ एवढे मराठीत छापण्यास जागा कमी पडत नाही. विकताना रुग्णाने विचारले तर वैद्याने सरळ सांगावे. काही रुग्ण तेल परत ठेवतील. ठेवोत.

ज्यांना प्राणिज द्रव्य वापरावयाचेच नाही, त्यांना मार्ग बंद नाही. नख वगळून उरलेल्या एलादि द्रव्यांचे तेल करता येते. मात्र ते शास्त्रोक्त एलादी तेल या नावाने विकू नये. त्यासाठी स्वामित्व औषध म्हणून निराळा परवाना घ्यावा, निराळे नाव द्यावे आणि घटकांची यादी जशी आहे तशी छापावी. सुगंध टिकविण्याचे नखाचे कार्य अशा तेलात काही प्रमाणात अगरू आणि जटामांसी यांचे प्रमाण वाढवून साधता येईल, असे आमचे मत आहे. त्याचा पाक करून पाहून, तेल सहा महिने ठेवून, गंध आणि वर्ण यांची नोंद ज्यांनी केली असेल त्यांनी ती या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावी.